ढगांच्या वरून पाहिलेला नवतारा

८ ऑगस्ट २०२१ ला आयर्लंडमधल्या कीथ गेअरी या हौशी निरीक्षकाला भुजंगधारी तारकासमूहातला आरएस ऑफियुकी हा तारा भलताच तेजस्वी दिसला. एरवी हा तारा अकराव्या-बाराव्या प्रतीच्या आसपास असतो (प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी), दुर्बिणीतूनही नकाशा हातात धरून शोधावा लागतो. त्या रात्री तो पाचव्या प्रतीपर्यंत चढला होता, म्हणजे अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका. भुजंगधारी त्या दिवसांत आपल्याकडे अंधार पडताच दक्षिणेला चांगला वर असतो. पण ऑगस्टमधला सातारा म्हणजे ढगच ढग. बातमी आली तेव्हा आकाशाचा एक तुकडाही मोकळा नव्हता.

या ताऱ्याचा आधीचा उद्रेक १२ फेब्रुवारी २००६ चा. तेव्हा मी विद्यार्थी होतो, पहाटे गच्चीवर जाऊन द्विनेत्रीतून तो पाहिला होता. त्यानंतर नोकरी लागली, महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायला लागलो, पण हा तारा पुन्हा उफाळेल तेव्हा त्याचा नुसता उजेड पाहून थांबायचं नाही, हे मनाशी पक्कं होतं. या ताऱ्याची खरी गोष्ट क्ष-किरणांत घडते. क्ष-किरण तर वातावरणामुळे जमिनीवर पोचतच नाहीत, ते टिपणाऱ्या दुर्बिणी आधीच ढगांच्या कितीतरी वर फिरत असतात. त्यामुळे पावसाळा असला काय आणि नसला काय, या कामाला फरक पडणार नव्हता.

त्या वर्षी वर्ग ऑनलाइन चालू होते. तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी विषय मागत होती. प्रयोगशाळा बंद, उपकरणं कपाटात. मी तिला म्हटलं, हा तारा घेऊ. जगातल्या मोठ्या संस्थांतल्या लोकांना जी मोजमापं मिळणार आहेत तीच आपल्यालाही मिळतील, आणि त्याच दिवशी मिळतील.

काय शोधायचं हे आधी समजायला हवं होतं, म्हणून पहिले दोन-तीन तास आम्ही फक्त या जोडगोळीवर बोललो. आरएस ऑफियुकी म्हणजे दोन तारे. एक म्हातारा, फुगलेला लाल राक्षसी तारा. दुसरा श्वेत बटू, आकाराने पृथ्वीएवढा किंवा तिच्याहूनही लहान, पण वस्तुमानाने सूर्यापेक्षा भारी, श्वेत बटूला पेलवणाऱ्या कमाल वस्तुमानाच्या, म्हणजे चंद्रशेखर मर्यादेच्या, अगदी जवळ पोचलेला. दोघे ४५३.६ दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. केप्लरचा नियम लावला तर त्यांच्यातलं अंतर सुमारे दीड खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) येतं. राक्षसी ताऱ्याची आपल्या बाहेरच्या थरांवरची पकड ढिली झालेली असते, त्यातून वायूचा संथ, दाट वारा सतत वाहत असतो. त्या ताऱ्याचा हायड्रोजन श्वेत बटू स्वतःवर ओढून घेतो. थर जाड होत जातो, त्याच्या तळाशी दाब आणि तापमान वाढत जातं आणि एका क्षणी तिथे अणुसंमीलन भडकतं. थर उडून जातो (हाच नवताऱ्याचा उद्रेक), श्वेत बटू शिल्लक राहतो आणि जमवाजमव पुन्हा सुरू होते. बटू जितका जड तितका थोडा हायड्रोजन भडक्याला पुरतो. म्हणून इथे हजारो वर्षं थांबावं लागत नाही. १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ हे या ताऱ्याचे नोंदलेले उद्रेक. १८९८ चा तर घडला तेव्हा कुणाच्या लक्षातही आला नव्हता, हार्वर्डच्या छायाचित्रांच्या काचांवर विल्यमिना फ्लेमिंग यांना तो नंतर सापडला.

एक मुद्दा मी तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. या नाटकात सगळे श्वेत बटूकडे बघतात, पण क्ष-किरणांत मुख्य पात्र राक्षसी तारा आहे. बहुतेक नवताऱ्यांमध्ये बटूचा जोडीदार सूर्यासारखा साधा, छोटा तारा असतो. त्याच्याभोवती दाट वारा नसतो, त्यामुळे स्फोटाचा मलबा जवळजवळ मोकळ्या जागेत पसरतो. इथे स्फोट वाऱ्याच्या पोटात होतो. सेकंदाला ४००० किलोमीटरच्या घरात सुटलेला मलबा सेकंदाला वीसेक किलोमीटरने सरकणाऱ्या वायूवर आदळतो, आघाततरंग तयार होतो, वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण सोडू लागतो. तिने लगेच हिशोब केला: या वेगाने दीड खगोलीय एकक ओलांडायला किती वेळ? सोळा तासांच्या आत! गेअरींचं निरीक्षण जगभर पोचून लोक दुर्बिणी वळवेपर्यंत स्फोटाची लाट राक्षसी ताऱ्यापर्यंत पोचायला आली असणार. तिचा चेहरा पडद्यावर दिसत नव्हता, पण माइकवर काही क्षण ती काही बोललीच नाही.

आता कामाकडे येतो.

आम्ही निवडली ती स्विफ्ट या उपग्रहाची मोजमापं. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये सोडलेला हा उपग्रह मुळात गॅमा-किरण स्फोटांसाठी बांधलेला, त्यामुळे झटकन वळायची त्याला सवय आहे. त्याची क्ष-किरण दुर्बीण ०.३ ते १० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे किरण टिपते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्विफ्टची मोजमापं कुणासाठी राखून ठेवलेली नसतात, जमिनीवर उतरली की काही तासांत सगळ्यांसाठी खुली होतात. या ताऱ्यावर स्विफ्टची पहिली नजर पडली ती जागतिक वेळेनुसार ९ ऑगस्टच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे १० तारखेची पहाट व्हायच्या सुमारास. दृश्य प्रकाशाचा कळस होऊन तेव्हा जेमतेम नऊ तास झाले होते.

इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात स्विफ्टचं विदा केंद्र आहे. त्यांच्या संकेतस्थळावर कुणीही ताऱ्याचं नाव आणि सहनिर्देशक भरून प्रकाशवक्र (वेळेनुसार तेज कसं बदललं याचा आलेख) किंवा वर्णपट (कुठल्या ऊर्जेचे किरण किती याचा आलेख) मागवू शकतो. त्यांचा संगणक सगळी पाहणी एकत्र करतो, पार्श्वभूमी वजा करतो आणि तयार झालं की ईमेल येतो. वाटतं त्यापेक्षा हे फार सोपं आहे आणि आपल्याकडच्या महाविद्यालयांत ते फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. भरायच्या चौकटी थोड्या असतात, मात्र प्रत्येकीत काय आणि का भरायचं हे कळायला हवं. उदाहरणार्थ, ही दुर्बीण दोन पद्धतींनी मोजते. एकीत आकाशाचं पूर्ण चित्र मिळतं, पण एक चौकट उचलायला अडीच सेकंद लागतात. दुसरीत चित्राची एकच रेघ मिळते, पण वेळेची अचूकता दोन मिलिसेकंदांच्या आत जाते. तेजस्वी वस्तूला दुसरीच पद्धत योग्य, कारण पहिलीत एकाच चौकटीत दोन क्ष-किरण एकाच जागी पडले तर दुर्बीण त्यांना दुप्पट ऊर्जेचा एक किरण समजते. ताऱ्याचे किरण मृदू (कमी ऊर्जेचे) आहेत की कडक (जास्त ऊर्जेचे) याचा निवाडाच मग बिघडतो. शिवाय हा तारा तेव्हा साध्या प्रकाशातही इतका झगझगीत होता की तो प्रकाश क्ष-किरणांच्या शोधकात शिरून खोटी ऊर्जा भरत होता. म्हणून सुरुवातीच्या दिवसांसाठी आम्ही फक्त जलद पद्धतीची मोजमापं घेतली.

पहिला प्रकाशवक्र आला तो चढता होता. दृश्य प्रकाशात तारा भराभर उतरत होता आणि क्ष-किरणांत दिवसागणिक वाढत होता. "सर, हे उलटं कसं?" तिचा प्रश्न. उलटं नव्हतं. स्फोटाच्या भोवतीचा वारा पहिल्या दिवसांत इतका दाट असतो की आत तयार झालेले कमी ऊर्जेचे क्ष-किरण तो गिळून टाकतो. लाट जसजशी बाहेर सरकते तसतसा तिच्यापुढचा, म्हणजे तिच्या आणि आपल्या मधला, वारा कमी होत जातो. उजेड वाढताना दिसत होता त्यात पडदा विरळ होण्याचा वाटा मोठा होता. हे नुसतं सांगून पटणारं नव्हतं. त्यासाठी वर्णपट उघडणं भाग होतं.

वर्णपटासाठी नासाचं हीसॉफ्ट हे मोफत सॉफ्टवेअर लागतं आणि त्यातला एक्सस्पेक नावाचा कार्यक्रम. तिच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवण्यापासून सुरुवात होती. घरचं इंटरनेट मोबाइलवरचं, आणि फायली रात्रीच उतरायच्या. या भागावर मी वेळ घालवत नाही, ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सूचना संकेतस्थळावर पायरीपायरीने दिल्या आहेत.

एक्सस्पेकबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण क्ष-किरण खगोलशास्त्राची विचार करायची पद्धत त्यात आहे. शोधकातून जो आलेख निघतो तो ताऱ्याचा वर्णपट नव्हे. आरशांची कार्यक्षमता प्रत्येक ऊर्जेला वेगळी असते. एकाच ऊर्जेचे किरण शोधकात थोडे इकडे-तिकडे नोंदले जातात. हे सगळं उलटं सोडवून मूळ वर्णपट काढता येत नाही. म्हणून उलट बाजूने जायचं असतं: आधी आपण कल्पना करायची की तिथे अमुक तापमानाचा वायू आहे आणि मध्ये अमुक जाडीचा पडदा आहे. त्यातून निघणारा वर्णपट गणिताने काढायचा, तो दुर्बिणीच्या गुणधर्मांतून गाळायचा आणि मग मोजलेल्या ठिपक्यांशी ताडून पाहायचा. जुळला नाही तर कल्पना बदलायची. जुळला तरी तीच एक कल्पना खरी असं म्हणायचं नाही, तेवढंच म्हणायचं की मोजमाप या कल्पनेच्या विरोधात जात नाही. प्रयोगशाळेत ओहमचा नियम पडताळताना उत्तर आधीच ठाऊक असतं. इथे विद्यार्थिनीला पहिल्यांदा असं काम मिळालं की ज्याचं उत्तर पाठ्यपुस्तकाच्या शेवटी छापलेलं नव्हतं.

आमची पहिली कल्पना साधी होती. एका तापमानाचा तापलेला वायू आणि त्याच्यापुढे हायड्रोजनचा पडदा. पडद्याचे दोन भाग. आपल्या आणि ताऱ्याच्या मधल्या अवकाशातला वायू १९८५ च्या उद्रेकावेळच्या रेडिओ अभ्यासातून माहीत आहे: एक चौरस सेंटिमीटरच्या स्तंभात सुमारे २.४ × १०²¹ हायड्रोजन अणू. हा भाग स्थिर ठेवला. त्याहून जास्त जे काही लागेल ते राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्याचं, ते एक्सस्पेकला ठरवू दिलं. सुरुवातीच्या वर्णपटांत हा दुसरा भाग पहिल्याच्या कित्येक पट जास्त निघाला आणि आठवड्यागणिक उतरत गेला. वक्र चढता का होता हे तिने स्वतः काढलेल्या आकड्यांतून पाहिलं. माझ्या शिकवण्यातला तो फार आनंदाचा दिवस होता.

वर्णपटात ६.७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला एक उंचवटा होता. हा लोहाचा, ज्याचे दोन सोडून बाकी सगळे इलेक्ट्रॉन निघून गेले आहेत अशा लोहाचा. लोहाची अशी अवस्था व्हायला वायू कित्येक कोटी अंश तापलेला असावा लागतो. खालच्या बाजूला सिलिकॉन आणि गंधकाचेही उंचवटे होते, पडदा विरळ झाल्यावर ते जास्त उठून दिसले.

मग तापमानावरून वेग. आघाततरंगामागच्या वायूचं तापमान वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. सेकंदाला १००० किलोमीटर वेगाला सुमारे १.२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (तापमानही इथे ऊर्जेच्या एककात मोजतात), हे एक समीकरण लक्षात ठेवलं की पुरतं. ८ आलं तर वेग सुमारे २६००, १ आलं तर ९०० च्या आसपास. तिने प्रत्येक वर्णपटाचं तापमान काढलं, वेग काढला आणि आलेख केला. पहिल्या आठवड्यातली लाट आणि महिन्यानंतरची लाट यांच्या वेगांत जमीन-अस्मानाचा फरक होता. राक्षसी ताऱ्याचा वारा लाटेला ओझ्यासारखा चिकटत जातो, लाट जड होते आणि मंदावते. अंतराच्या वर्गाप्रमाणे विरळ होत जाणाऱ्या वाऱ्यात ऊर्जा वाया न जाता लाट पसरली तर तिचा वेग काळाच्या घनमुळाप्रमाणे घटायला हवा. प्रत्यक्षात घट त्याहून जलद दिसते, हे २००६ च्या उद्रेकातही दिसलं होतं. म्हणजे लाट ऊर्जा गमावते आहे, किंवा वारा सगळीकडे सारखा नाही, किंवा दोन्ही. २००६ मध्ये रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्यांनी काढलेल्या चित्रांत अवघ्या दोन आठवड्यांत ते कवच एकसारखं गोल नव्हतं हे दिसलं होतं, तेव्हा एका तापमानाच्या गोल लाटेची आमची कल्पना ही सुरुवातच होती. पुढे आम्ही दोन तापमानं वापरली, जुळणी सुधारली.

एका संध्याकाळी तिने मला असा एक प्रश्न विचारला की ज्याचा मी आधी विचार केला नव्हता. २००६ च्या स्फोटाने भोवतीचा वारा झाडून नेला असेल ना? मग २०२१ च्या स्फोटाला वारा मिळाला कुठून? आम्ही बसून मांडलं. मधली साडेपंधरा वर्षं राक्षसी तारा नव्याने वारा सोडत होता. सेकंदाला वीस किलोमीटर धरला तर तो या काळात सुमारे ६५ खगोलीय एककांपर्यंत पोचतो, सूर्यापासून प्लूटोच्याही बऱ्याच पलीकडे. लाट सुरुवातीच्या वेगाने, अजिबात न मंदावता गेली असती तरी तिला हे अंतर कापायला महिन्याच्या आसपास लागला असता. मंदावत जाणार असल्यामुळे त्याहून पुष्कळ जास्त. म्हणजे आम्ही पाहत होतो तो सगळा काळ लाट मागच्या साडेपंधरा वर्षांच्या वाऱ्यातूनच प्रवास करत होती. २००६ च्या आधी वारा साचायला एकवीस वर्षं मिळाली होती. दोन उद्रेकांतलं कडक क्ष-किरणांचं वागणं मात्र जवळजवळ सारखं निघालं, आणि या हिशोबामुळे ते आम्हाला नवल न वाटता समजलं: साठ्याची बाहेरची कड वेगळी असली तरी आतला, जिथे लाट पहिले आठवडे होती तो भाग, दोन्ही वेळी सारखाच भरलेला होता.

ऑगस्टच्या उत्तरार्धात एका रात्री ढग थोडा वेळ बाजूला झाले. तारा द्विनेत्रीत सापडला, पण बराच मावळला होता. पाहिला, वहीत प्रत लिहिली आणि खाली येऊन पुन्हा लॅपटॉप उघडला, कारण खरी उत्सुकता पुढच्या टप्प्याची होती.

स्फोटात सगळा हायड्रोजन उडून जात नाही. थोडा श्वेत बटूवर उरतो आणि शांतपणे जळत राहतो. त्या जळत्या पृष्ठभागाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात असतं, आणि इतक्या तापमानाचा उजेड क्ष-किरणांच्या अगदी मृदू टोकाला, १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली पडतो. सुरुवातीला तो मलब्याआड आणि वाऱ्याआड दडलेला असतो. घाटातलं धुकं विरत जाताना आधी नुसता उजळपणा आणि मग समोरच्या गाडीचे दिवे दिसावेत, तसा श्वेत बटू यातून बाहेर येतो. २००६ मध्ये हे चौथ्या आठवड्याच्या सुमारास झालं होतं. म्हणून सप्टेंबर लागताच आम्ही प्रकाशवक्र दोन पट्ट्यांत मागवायला सुरुवात केली: १ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचा आणि वरचा. वरचा पट्टा उतरत होता. खालचा सपाट होता. आणि मग खालचे ठिपके वर निघाले. "सर, सुरू झालं!" असा तिचा निरोप, सोबत पडद्याचं चित्र.

या टप्प्यात आपल्या ॲस्ट्रोसॅटनेही हा तारा पाहिला. त्याची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेली. सप्टेंबर २०२१ मध्ये तिने थोड्या दिवसांच्या अंतराने दोनदा आरएस ऑफियुकीवर नजर ठेवली. मुंबईत तयार झालेला आरसा आणि आपण घरी बसून काढलेला वक्र एकाच ताऱ्याच्या एकाच टप्प्याबद्दल बोलतोय, हे कळल्यावर विद्यार्थिनीचा उत्साह दुणावला, आणि माझाही.

नंतर जे झालं त्याने आम्हाला सगळ्यात जास्त विचारात पाडलं. लेस्टरच्या त्याच पानावरून २००६ ची मोजमापंही मिळतात. स्विफ्टने आपल्या आकाशगंगेतल्या एकाच आवर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा उफाळणाऱ्या, नवताऱ्याचे दोन उद्रेक पाहिल्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही वक्र एकावर एक ठेवले. कडक पट्टा जुळला. मृदू पट्टा अजिबात जुळेना: २०२१ चा उजेड २००६ पेक्षा खूपच मंद होता. २००६ मध्ये सुरुवातीला तो प्रचंड हेलकावे खात होता, २०२१ मध्ये तेही कमी. तारा तोच, दुर्बीण तीच, स्फोटाचं कारण तेच.

तिने पहिला संशय कक्षेवर घेतला. १२ फेब्रुवारी २००६ ते ९ ऑगस्ट २०२१ म्हणजे ५६५७ दिवस, त्याला ४५३.६ ने भागलं तर १२.४७ फेऱ्या. म्हणजे या वेळी दोन तारे मागच्या वेळेपेक्षा जवळजवळ अर्ध्या फेरीने वेगळ्या जागी होते. राक्षसी ताऱ्याची बाजूच बदललेली, त्यामुळे आपल्या नजरेच्या रेषेत येणारा मलबा आणि वारा वेगळा. हे कारण मला आकर्षक वाटतं आणि माझ्या मुद्द्याला धरूनही आहे. पण पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेला स्विफ्टचा सविस्तर अभ्यास वाचला तेव्हा गुंता किती आहे ते कळलं. साठाव्या दिवसानंतरचे २०२१ चे वर्णपट २००६ पेक्षा जास्त तापमानाचे, लहान पृष्ठभागाचे आणि वाऱ्याच्या कमी पडद्याचे निघतात. पडदा कमी आणि तरी उजेड मंद! दुसऱ्या अभ्यासकांनी जास्त बारकाईचे वर्णपट वापरून, आड येणाऱ्या वायूवरच बोट ठेवलं. एक्सस्पेकच्या कल्पना जुळतात म्हणून खऱ्या ठरत नाहीत, हे मी तिला ऑगस्टमध्ये सांगितलं होतं. तज्ज्ञांचे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून तिने ते प्रत्यक्ष अनुभवलं. प्रकल्पाच्या अहवालात तिने दोन्ही लिहिले आणि कुठल्याही बाजूने कौल दिला नाही. मला तो अहवालातला सर्वांत चांगला परिच्छेद वाटला.

या मृदू टप्प्यात एक ३५ सेकंदांची थरथर असते. २००६ मध्ये ती सापडली होती, २०२१ मध्ये पुन्हा त्याच कालावधीची सापडली. जलद पद्धतीची मोजमापं आमच्याकडे होतीच, तेव्हा आम्हीही शोधली. ही थरथर घड्याळासारखी नेटकी नसते, एका पाहणीत ठळक येते, पुढच्यात नाहीशी होते, कालावधीही थोडा सरकतो. स्विफ्ट दीड तासात पृथ्वीभोवती फिरतो, त्यामुळे सलग पाहणी छोट्या तुकड्यांत मिळते. प्रत्येक तुकड्याचा वेगळा कंपनपट (कुठल्या कालावधीची थरथर किती जोरकस याचा आलेख) काढून सरासरी घेतल्यावर ३५ सेकंदांच्या आसपास उंचवटा उभा राहिला. बटूच्या स्वतःभोवती फिरण्याचा हा ठसा की जळत्या थराचं आंदोलन, यावर अजून एकमत नाही. दोन्ही उद्रेकांत कालावधी तोच राहिला हे मात्र कुठल्याही स्पष्टीकरणाला पचवावं लागेल.

वाऱ्याच्या पडद्याची गोष्ट रेडिओतही दिसते, आणि तिथे तर आपल्या घरचाच पुरावा आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीने, जीएमआरटीने, २००६ मध्ये हा तारा १.४ गिगाहर्ट्झपेक्षा कमी कंप्रतेला पहिल्यांदा पाहिला. ६१० मेगाहर्ट्झला तो विसाव्या दिवशी दिसला, ३२५ ला अडतिसाव्या. तापून आयनीभूत झालेला वारा कमी कंप्रतेच्या लहरींना जास्त अडवतो, म्हणून लाट जितकी बाहेर तितकी खालची कंप्रता मोकळी होत जाते. तिला मी हे आकडे दिले आणि आमच्या पडद्याच्या आलेखाखाली लिहायला सांगितलं. क्ष-किरण आणि रेडिओ, ऊर्जेत कोट्यवधी पटींचं अंतर, पण वारा विरतानाची दोघांची साक्ष एकच.

२०२१ मध्ये याच लाटेने आणखी एक गोष्ट केली. नामिबियातल्या एचईएसएस आणि ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक या दुर्बिणींनी या ताऱ्यातून अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण टिपले. नवताऱ्यातून असे किरण सापडण्याची ही पहिलीच वेळ. म्हणजे ही लाट कणांना विलक्षण ऊर्जेपर्यंत ढकलते. तेही दाट वाऱ्यावर आदळल्यामुळेच.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तारा सूर्याच्या फार जवळ आला आणि स्विफ्टला थांबावं लागलं. पाहणी पुन्हा सुरू झाली ती १९७ व्या दिवशी, २०२२ च्या फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. तोवर मृदू उजेड ओसरला होता, म्हणजे बटूवरचं जळण नेमकं कधी विझलं तो क्षण या वेळी सूर्याआड गेला. २००६ चा स्फोट फेब्रुवारीतला असल्यामुळे तो शेवट नीट पाहता आला होता. काही गोष्टी कॅलेंडरवर अवलंबून असतात, त्याला इलाज नाही.

विद्यार्थिनी आता एम.एस्सी. झाली आहे, पण प्रकाशवक्र मागवून दोन पट्ट्यांत मांडणारा तिचा छोटा कार्यक्रम माझ्याकडे आहे आणि मी तो दरवर्षी नव्या मुलांच्या हाती देतो. सध्या आम्ही तो टी कोरोनी बोरिआलिसवर चालवतो. उत्तर मुकुटातली ही जोडीही तशीच, लाल राक्षसी तारा आणि जड श्वेत बटू, फेरी साधारण २२७ दिवसांची. आधीचे उद्रेक १८६६ आणि १९४६ चे. उद्रेकाआधीची त्याची क्ष-किरणांतली चाल स्विफ्टच्या साठ्यात नोंदलेली आहे: २०१४ च्या सुमारास तो जास्त सक्रिय झाला तेव्हा कडक क्ष-किरण घटले आणि मृदू वाढले, २०२३ च्या आसपास तो पुन्हा शांत झाला. हे लिहीपर्यंत तो उफाळलेला नाही. आरएस ऑफियुकीपेक्षा तो आपल्याला बराच जवळ आहे, पडदा विरळ निघण्याची शक्यता आहे, आणि तसं झालं तर श्वेत बटू लवकर दिसायला लागेल. म्हणून या वेळी खालच्या पट्ट्याची मागणी पहिल्याच दिवसापासून लावायची, असं मुलांनी ठरवून ठेवलं आहे.